मुक्कामाची खोली

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका प्रश्नावरून चार दिवस वाद चालला. प्रश्न साधा होता. पोरीने कामाच्या गावी उतरायचे कुठे?

धाकट्या पुतणीला ठाण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. कॉलेजांच्या प्रयोगशाळांतील सूक्ष्मदर्शक, तराजू, ओव्हन अशी उपकरणे तपासायची आणि दुरुस्त करायची हे तिचे काम. मी स्वतः एकतीस वर्षे हेच केले, म्हणून घरात जरा कौतुकही होते. पण कंपनीने सांगितले, महिन्यातून तीन दिवस छत्रपती संभाजीनगरला जावे लागेल. म्हणजे आपले जुने औरंगाबाद. लॉजचे दिवसाला बाराशे रुपयांपर्यंत कंपनी देईल, पण बिल पाहिजे. जेवणाचा भत्ता वेगळा.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, लॉजमध्ये कशाला? आत्याबाई आहेत की तिथं. रक्ताचं माणूस असताना पोरगी परक्याच्या खोलीत झोपणार?"

पुतणी म्हणाली, "आई, मी कामाला चाललेय, पाहुणी नाही."

दोघींनी माझ्याकडे पाहिले. मी गप्प बसलो. गप्प बसण्याचे कारण होते, ते आज वाचकांना सांगतो.

१९८८ सालची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजचे काम होते. रात्री साडेनऊला एस.टी.तून उतरलो. हातात हत्यारांची पेटी. स्टँडसमोरच्या लॉजवर गेलो. गल्ल्यावरच्या माणसाने रजिस्टर उघडले, पेन दिले. मी नाव लिहिले. त्याने आडनाव वाचले, गाव विचारले, मग रजिस्टर हळूच आपल्याकडे ओढून म्हणाला, "खोली शिल्लक नाही. मघाशीच गेली." भिंतीवर सहा किल्ल्या लटकत होत्या. मी त्या मोजल्या. मग पेटी उचलली आणि रात्र स्टँडच्या बाकावर काढली.

बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा उतरायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हुसकावून लावले, हे आपल्या घरातले लहान मूलही जाणते. मी काही मोठा माणूस नव्हे. पण त्या बाकावर बसून मला तीच गोष्ट आठवत होती, आणि एवढ्या वर्षांनी ती का आठवावी लागते याचा संताप येत होता.

त्यानंतर मी लॉजचा नादच सोडला. जिथे नातेवाईक असेल तिथे त्याच्याकडे उतरायचे. औरंगाबादला आत्याकडे. दोन खोल्या, आठ माणसे. आत्या दारातच म्हणायची, "आलास? हात-पाय धू." मी तीन-तीन दिवस राहायचो. आणि इथेच माझी चूक झाली. कंपनी लॉजचे पैसे द्यायची. ओळखीच्या एका लॉजवाल्याकडून कोरे बिल घ्यायचे, भरायचे, पैसे खिशात टाकायचे. सगळेच करतात, अशी मनाची समजूत घालायची. त्या पैशातून घरात टेबलफॅन आला. त्या फॅनच्या वाऱ्यात आम्ही दोन उन्हाळे झोपलो.

मग एकदा आतेभावाच्या बायकोने बोलता बोलता सहज सांगितले, "भावजी, तुम्ही यायचे दिवस आत्या बोटावर मोजतात. शेजारणीकडून तांदूळ उसने आणून ठेवतात." तिच्या मनात टोमणा नव्हता. पण मला घास गिळेना. लॉजचे पैसे मी खात होतो आणि माझ्या जेवणाचे कर्ज आत्या फेडत होती. पंचशीलातले दुसरे शील आपण रोज म्हणतो, न दिलेले घेणार नाही. कंपनीने जे मला दिले नव्हते ते मी घेतले, आणि आत्याकडे जे द्यायला नव्हते तेही घेतले. त्या दिवसापासून खोटे बिल बंद केले.

हे सगळे त्या रात्री दोघींना सांगितले. वहिनींना टेबलफॅनची गोष्ट ठाऊक नव्हती. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण भावजी, तिलाही आडनावावरून परत पाठवलं तर?"

खरा प्रश्न हाच होता. आत्याबाई हे निमित्त. म्हणून मग आम्ही तिघे कागद घेऊन बसलो.

पहिली गोष्ट कायद्याची. संविधानाच्या १५व्या कलमाचा दुसरा भाग स्पष्ट सांगतो की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत जाण्यापासून कोणाही नागरिकाला अडवता येणार नाही. यात लिंग हा शब्दही आहे, हे आपल्या मुलींनी लक्षात ठेवावे. 'एकट्या बाईला खोली देत नाही' असे सांगणारे लॉजवाले आजही भेटतात. शिवाय नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ आहे. त्यात हॉटेल या शब्दाच्या अर्थात राहण्याची लॉजही धरलेली आहे, आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून तिथे प्रवेश नाकारणे हा शिक्षेचा गुन्हा आहे.

पण रात्री साडेनऊला हातात पेटी घेऊन कायदा सांगण्याची वेळच येऊ नये, हे खरे शहाणपण. म्हणून खोली आधी ठरवावी. फोन करावा आणि स्पष्ट सांगावे, "मी एकटी मुलगी आहे, कंपनीच्या कामाला येते आहे, तीन दिवस राहणार आहे." होकार आला की तारीख, भाडे आणि नाव यांचा मेसेज लेखी मागून घ्यावा. पुतणीने असे चार ठिकाणी फोन केले. एकाने लेडीज सिंगल चालत नाही म्हणून सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "बरं, एवढंच मेसेज करून पाठवता का?" पलीकडून फोन ठेवला गेला. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने दोन मिनिटांत सगळे लिहून पाठवले. कुठे उतरायचे ते तिथेच निम्मे ठरले.

दुसरी गोष्ट जागेची. लॉज स्वस्त आहे की महाग हे नंतर पाहावे, आधी पहिल्या दिवशी सकाळी काम कुठे आहे ते पाहावे. संभाजीनगर हे कॉलेजांचे गाव, पण कॉलेजे एका जागी नाहीत. आपले मिलिंद महाविद्यालय, जे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली काढले, ते नागसेनवनात. १९५८ साली स्थापन झालेले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव मिळालेले विद्यापीठ उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी. सरकारी अभियांत्रिकी आणि देवगिरी कॉलेज स्टेशन रोडच्या बाजूला. सरस्वती भुवन औरंगपुऱ्यात. रेल्वे स्टेशन गावाच्या दक्षिणेला. स्टेशनजवळची खोली घेऊन रोज विद्यापीठाला गेले तर भाड्यात वाचलेले पैसे रिक्षात जातात, आणि जड पेटीचे ओझे वर. दोन्ही टोकांना काम असेल तर मधे, मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास उतरणे सोयीचे. तिथून दोन्हीकडे जाता येते.

तिसरी गोष्ट तारखेची. १४ जानेवारीच्या आसपास विद्यापीठ गेटवर अभिवादनाला गावोगावची माणसे येतात. वेरूळ-अजिंठा पाहायला येणाऱ्यांची गर्दी हिवाळ्यात आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत. लग्नसराईत तर वऱ्हाडेच्या वऱ्हाडे लॉजवर. आपल्या धंद्यातले काम प्रात्यक्षिक परीक्षांच्या आधी, म्हणजे याच दिवसांत येते. म्हणून आठ-दहा दिवस आधी फोन झालाच पाहिजे.

चौथी गोष्ट भाड्याच्या हिशेबाची. यात पुष्कळ माणसे फसतात. काही लॉजचा दिवस चोवीस तासांचा असतो, तुम्ही आलात तेव्हापासून मोजतात. काहींचा दुपारी बाराला संपतो. मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पहाटे पोहोचते. समजा सोमवारी पहाटे पाचला खोली घेतली आणि बुधवारी रात्रीच्या गाडीने परत निघायचे आहे. चोवीस तासांच्या लॉजवर तीन दिवसांचे भाडे होते आणि गाडीच्या वेळेपर्यंत खोली आपली राहते. बाराच्या हिशेबाच्या लॉजवर सोमवारी पहाटेचे सात तास हाच एक दिवस धरला जातो. बुधवारी रात्रीपर्यंत चार दिवसांचे भाडे लागते. खोली तीच, गादी तीच, भाडे एका दिवसाने जास्त. दिवसाची तपोवन एक्स्प्रेस दुपारी पोहोचते. तिने रविवारी गेले तर बाराचा हिशेबही चालतो, पण घरचा रविवार जातो. आम्ही ठरवले, पहिल्या खेपेला गाव नवीन आहे तर दिवसाच्या गाडीने जायचे. पुढे पहाटे उतरावे लागले तर उजाडेपर्यंत स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसायचे, मगच रिक्षा.

पाचवी गोष्ट बिलाची. भाडे विचारताना 'कर धरून किती?' असे विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याआधी १२ टक्के होता. बाराशेची खोली कर धरून बाराशे साठला पडते. वरचे साठ रुपये रोज आपल्या खिशातून. अकराशेची खोली अकराशे पंचावन्नला बसते, कंपनीच्या मर्यादेत राहते. लहान लॉजवाल्यांची जीएसटी नोंदणी नसते, त्यांनी कर लावता कामा नये. तसले साधे बिल आपल्या हिशेब खात्याला चालते का, ते निघण्याआधी विचारावे. सरकारी नोकरीतल्या बंधू-भगिनींनीही आपली मर्यादा आधी पाहावी. केंद्र सरकारने २०१७ साली लेव्हल ५ पर्यंतच्या कर्मचाऱ्याला हॉटेलसाठी दिवसाला ४५० रुपये आणि लेव्हल ६ ते ८ ला ७५० रुपये अशी मर्यादा ठरवली. महागाई भत्ता ५० टक्के झाला की ती २५ टक्क्यांनी वाढते असाही नियम आहे. आजचा आकडा कार्यालयात विचारून घ्यावा. जेवणाच्या बिलात कोणी सेवाशुल्क आपोआप लावले तर ते काढायला सांगावे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते सक्तीचे नाही. तक्रार करायची असल्यास ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

सहावी गोष्ट खोली पाहण्याची. सामान वर नेण्याआधी खोली पाहावी. यात लाज कसली? दाराला आतून कडी आहे का, ती नीट बसते का? खिडकी बंद होते का? खाली परमिट रूम किंवा मंगल कार्यालय तर नाही ना? गरम पाणी किती ते किती येते? कामावर आठला निघायचे आणि पाणी नऊला यायचे, असे मी बरेच सोसले आहे. आपले एक कुलूप, एक चादर आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी. रजिस्टरमध्ये आपण स्वतः लिहावे. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारी, मास्क केलेली प्रत मिळते, ती द्यावी. लॉजचे नाव, फोन आणि खोलीचा नंबर घरी कळवावा. मनात काही खटकले तर भाडे बुडाले तरी चालेल, पण खोली बदलावी. अडचणीत ११२ नंबर आहेच.

आता आत्याचे. "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई" ही म्हण आपल्या माणसांना कठोर वाटते. आत्याच्या घरी आता नातीची बारावी आहे. दोन खोल्यांत ती दिवा लावून बसणार की पाहुणीला जागा करून देणार? मी पुतणीला म्हणालो, "एका संध्याकाळी आत्याकडे जा. जाताना फळं ने, पोरीला वही-पेन ने. जेव, आणि नऊच्या आत आपल्या खोलीवर परत ये." नाते दोन तासांतही टिकते, तीन दिवस जागा अडवली म्हणजेच टिकते असे नाही.

पोरगी गेली. रविवारी दुपारी तिचा फोन आला, "काका, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं. पूर्ण आडनावासकट."

मी विचारले, "काय म्हणाला?"

"काही नाही. वर डावीकडं, दोनशे चार, म्हणाला."

एवढेच. मी फोन वहिनींच्या हातात दिला. त्यांनी काही विचारले नाही, फक्त कडी नीट बसते ना, एवढे विचारले.

बुधवारी रात्री निघून ती गुरुवारी सकाळी घरी आली. तीन दिवसांचे खरे बिल तिने माझ्यासमोर ठेवले. कर धरून तीन हजार चारशे पासष्ट. वहिनींनी ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "एवढ्यात आपला महिन्याचा किराणा येतो की हो."

पुतणी म्हणाली, "येतो आई. पण हे पैसे किराण्याचे नाहीत, मुक्कामाचे आहेत."

एकतीस वर्षांपैकी कितीतरी वर्षे मला जे कळले नाही, ते तिला पहिल्याच खेपेला कळले. सर्वच ठिकाणी असे सुखरूप होते असे माझे म्हणणे नाही. किल्ल्या भिंतीवर लटकत असताना खोली नाही म्हणणारे आजही असतील. पण आपल्या मुली आता कामासाठी गावोगाव फिरू लागल्या आहेत. त्यांना घरात बसवून किंवा नातेवाइकांच्या माजघरात लपवून तो प्रश्न सुटणार नाही. त्यांना हिशेब शिकवा, कलम शिकवा, कडी तपासायला शिकवा, आणि जाऊ द्या.

तुमच्या घरातले कोणी कामानिमित्त परगावी उतरत असेल तर त्याचा अनुभव चार ओळींत जरूर कळवा. दुसऱ्या कुणाच्या मुलीला तो उपयोगी पडेल.

सर्वांना सप्रेम जयभीम.