विषयांची निवड

माणसाच्या आयुष्यात काही निर्णय असे असतात, की ते घेण्याच्या वेळी त्यांचे महत्त्व जाणवत नाही. आणि महत्त्व जाणवू लागते, तेव्हा ते फिरविण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. शाळेत कोणते विषय मनापासून शिकावयाचे आणि कोणत्या विषयांकडे पाठ फिरवावयाची, हा अशाच निर्णयांपैकी एक होय. हा निर्णय दहावीच्या निकालानंतर घेतला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तो खरा नाही. सहावी-सातवीतील एखादा मुलगा ज्या दिवशी ‘गणित आपल्याला येणार नाही’ असे मनाशी ठरवितो, त्याच दिवशी त्याने पुढील अनेक वाटा नकळत बंद केलेल्या असतात. दहावीनंतर भरावयाच्या अर्जावर त्या निर्णयाची केवळ नोंद होते.

पूर्वी या बाबतीत विद्यार्थ्यासमोर फारसे पर्यायच नव्हते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ साली झाली. त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत पुढे न्यायमूर्ती म्हणून कीर्ती पावलेले महादेव गोविंद रानडे हे एक होते. ही परीक्षा म्हणजे विद्यापीठाचे प्रवेशद्वार होय. शाळेने मुलांना त्या द्वारापर्यंत नेऊन पोहोचवावे, एवढेच तिचे मुख्य काम मानले जाई. ज्याची बुद्धी यंत्रांत रमते, ज्याच्या हातात कला आहे किंवा ज्याला शेतीत नवे काही करावयाचे आहे, त्याच्यासाठी वेगळी वाट काढण्याचा विचार त्या व्यवस्थेत फारसा नव्हता.

स्वातंत्र्यप्राप्तीनंतर हा विचार सुरू झाला. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली माध्यमिक शिक्षण आयोग नेमण्यात आला. सर्व मुलांना एकाच साच्यातून काढू नये, असे मत या आयोगाने मांडले आणि बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. मानव्यविद्या, विज्ञान, तंत्रशिक्षण, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहविज्ञान असे विषयांचे सात गट त्याने सुचविले. हेतू उत्तम होता. परंतु त्यातून एक नवी अडचण उभी राहिली. आपण आयुष्यात काय करणार, हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने कसे सांगावे? ज्याने अजून रसायनशास्त्राची प्रयोगशाळा पाहिली नाही, त्याला ते शास्त्र आवडेल की नाही, हे कोणी ठरवावे?

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात या प्रश्नाचा पुन्हा विचार केला. पहिली दहा वर्षे सर्वांचे शिक्षण समान असावे, गणित आणि विज्ञान हे विषय प्रत्येक विद्यार्थ्याने शिकावेत आणि वाटा त्यानंतरच फुटाव्यात, असा त्याचा अभिप्राय पडला. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीअखेरची पहिली शालान्त परीक्षा झाली. त्यापूर्वी ती अकरावीच्या अखेरीस होत असे. पुढे २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला, वाणिज्य व विज्ञान यांच्यामधील भिंती शक्य तितक्या कमी कराव्यात, असे सांगितले. या सर्व प्रवासातून एक गोष्ट स्पष्टपणे दिसते. लहान वयात वाटा बंद करणे हिताचे नाही, हे तत्त्व जाणत्या लोकांनी दीर्घ अनुभवाने स्वीकारले आहे. जे आयोगांना पटले, ते विद्यार्थ्याने आपल्यापुरते मोडू नये.

वाटा मोकळ्या ठेवणे म्हणजे वाटांविषयी अजाण राहणे नव्हे. प्रवासास निघणाऱ्याने सगळ्या गावांना जावयाचे नसते. परंतु कोणता रस्ता कोठे जातो, हे त्याला ठाऊक असावे लागते. दहावीनंतर कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखा आहेत, हे बहुतेकांस माहीत असते. परंतु दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेता येते आणि ती उत्तम रीतीने पूर्ण करणाऱ्यास अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे कितीजणांस ठाऊक असते? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी, वीजतंत्री यांसारखे व्यवसाय शिकता येतात आणि ते हलक्या दर्जाचे शिक्षण नसून स्वावलंबनाचा राजमार्ग आहे, हे किती घरांत सांगितले जाते?

ज्याच्या मनात एखादे ध्येय आहे, त्याने तेथून मागे मोजत यावे. समजा, एखाद्या खेड्यातील मुलीला गुराढोरांचा लळा आहे आणि पशुवैद्य व्हावे, असे तिला वाटते. त्या शिक्षणासाठी बारावीला इंग्रजीबरोबर पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय असावे लागतात आणि प्रवेशपरीक्षाही द्यावी लागते. म्हणजे अकरावीत तिने विज्ञान शाखेत असावयास हवे. अकरावीचे पदार्थविज्ञान समजण्यास दहावीचे बीजगणित पक्के हवे आणि बीजगणित पक्के होण्यास सातवीतील अपूर्णांक व समीकरणे नीट उमगलेली हवीत. अशा रीतीने तिच्या ध्येयाचा धागा आजच्या गृहपाठाच्या वहीपर्यंत येऊन पोहोचतो. हा धागा दिसला, म्हणजे कंटाळवाणा अभ्याससुद्धा अर्थपूर्ण वाटू लागतो. याउलट, जीवशास्त्र सोडून दिल्यानंतर वैद्यकाची किंवा गणित सोडून दिल्यानंतर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांची इच्छा झाली, तर मागे फिरून पुन्हा बरेच अंतर चालावे लागते.

दुर्दैवाने, विषयांची निवड पुष्कळदा भलत्याच कारणांनी होते. काही मुले सोबत्याच्या पाठोपाठ जातात. मित्र विज्ञानाला गेला म्हणून विज्ञान, मैत्रीण वाणिज्याला गेली म्हणून वाणिज्य. मैत्री ही सुंदर गोष्ट आहे. पण मित्राचा चष्मा लावून स्वतःला स्पष्ट दिसत नाही. काहींच्या बाबतीत घरची प्रतिष्ठा निर्णय करते. हुशार मुलाने विज्ञानच घ्यावे आणि इतिहास किंवा अर्थशास्त्र हे विषय मागे राहिलेल्यांसाठी असतात, असा एक खोटा समज समाजात रुजलेला आहे. आणि काहीजण ज्यात गुण सहज मिळतात, तो विषय जवळ करतात. गुण हे प्रगतीचे एक माप आहे, यात शंका नाही. परंतु मापालाच माल समजणारा व्यापारी जसा फसतो, तसाच केवळ गुणांकडे पाहणारा विद्यार्थीही फसतो.

परीक्षेच्या नियमांकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. शेकडा ३५ गुण ही उत्तीर्णतेची सर्वपरिचित रेषा आहे. ती रेषा म्हणजे उंबरठा आहे, घर नव्हे. उंबरठा ओलांडला म्हणजे घरात प्रवेश झाला, एवढेच. घर पाहावयाचे अद्याप राहिलेलेच असते. महाराष्ट्रात दहावीची टक्केवारी काढताना सहा विषयांपैकी अधिक गुणांचे पाच विषय धरण्याची सवलत आहे. एखाद्या विषयात कमी पडलेल्या मुलाला ही सवलत आधार देते, हे योग्यच आहे. परंतु आठवीतच ‘एक विषय सोडून दिला तरी चालेल’ असा हिशेब मांडणारा विद्यार्थी आधाराच्या काठीलाच आपला पाय समजत असतो.

विषयाविषयांतील भिंती माणसाने आपल्या सोयीसाठी बांधल्या आहेत. ज्ञानाला त्या ठाऊक नाहीत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. ते गणिताचे प्राध्यापक होते. हाताळून हाताळून नाणी झिजतात आणि त्यांचे वजन घटते, ही गोष्ट सर्वांनाच माहीत असते. कोसंबींनी प्राचीन नाणी काळजीपूर्वक तोलली, त्यांच्या वजनांतील फरकांना संख्याशास्त्राचे नियम लावले आणि त्यावरून प्राचीन इतिहासाविषयी अनुमाने काढली. तेच कोसंबी भर्तृहरीच्या संस्कृत सुभाषितांचे चिकित्सक संपादनही करीत होते. ‘मला गणित येते, मग इतिहासाशी आणि संस्कृताशी मला काय कर्तव्य?’ असे त्यांनी म्हटले असते, तर विद्येच्या या दोन क्षेत्रांचे केवढे नुकसान झाले असते! कोल्हापूर येथे १९३८ साली जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी विश्वाच्या रचनेवर संशोधन केले आणि मराठीत विज्ञानकथाही लिहिल्या. २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या वैज्ञानिकास देण्यात आले. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला भाषा कशाला हवी, असे विचारणाऱ्यास याहून निराळे उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

निवडीचा विचार करताना आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. आज विद्यार्थ्यासमोर जी निवड आहे, ती सर्वांना सदैव उपलब्ध नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना शाळेत संस्कृत शिकण्याची उत्कट इच्छा होती. परंतु त्यांच्या जातीमुळे त्यांना तो विषय नाकारण्यात आला आणि त्याऐवजी फारसी घेणे भाग पडले. त्यांनी फारसीचा अभ्यास कसून केला, १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढे स्वतःच्या परिश्रमाने संस्कृतही शिकले. मुलींच्या वाट्यालाही दीर्घकाळ असाच अन्याय आला. गणित व विज्ञान मुलांसाठी आणि शिवणकाम व स्वयंपाक मुलींसाठी, अशी वाटणी पुष्कळांना स्वाभाविक वाटे. मुलामुलींच्या अभ्यासक्रमांत असा भेद असू नये, असे मत हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मांडले आणि कोठारी आयोगानेही त्यास पुष्टी दिली. ज्या निवडीसाठी आधीच्या पिढ्यांना एवढे झगडावे लागले, ती निवड आळसाने, भीतीने किंवा दुसऱ्याच्या इच्छेखातर टाकून देणे हे त्या श्रमांचे मोल न जाणण्यासारखे आहे.

कित्येक घरांत परिस्थितीच निवडीला मर्यादा घालते, हेही खरे आहे. गावाजवळ विज्ञानाचे महाविद्यालय नसते. असले तरी रोजच्या प्रवासाचा खर्च झेपत नाही. घरी लवकर मिळवत्या हाताची गरज असते. अशा विद्यार्थ्याला केवळ मोठी स्वप्ने पाहण्याचा उपदेश करणे निष्ठुरपणाचे होईल. त्याच्यासाठी तर माहितीचे मोल अधिकच. शिष्यवृत्ती कोणती मिळते, वसतिगृह कोठे आहे, काम करीत असताना शिकण्याची सोय कोणती, हे वेळेवर कळले, तर बंद वाटलेला दरवाजा पुष्कळदा उघडतो. शाळा सुटलेल्यांना सतरा क्रमांकाचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसता येते. एक-दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्यास अकरावीत प्रवेश घेऊन राहिलेले विषय सोडविण्याची संधी असते. त्याच वर्षी पुरवणी परीक्षाही होते. अपयश हा रस्त्याचा शेवट नाही. ते एक वळण आहे. फक्त त्या वळणावर दिशा सांगणारी पाटी वाचता आली पाहिजे.

मग निर्णय करावयाचा कोणी? आईवडिलांनी जग पाहिलेले असते, शिक्षकांनी विद्यार्थ्याची बुद्धी पारखलेली असते; त्यांचे म्हणणे मनापासून ऐकणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्यच होय. परंतु अभ्यास अखेर विद्यार्थ्यालाच करावयाचा असतो. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण येथे लागू पडते. मात्र तिचा उत्तरार्ध आचरण्याचा अधिकार पूर्वार्ध प्रामाणिकपणे आचरणाऱ्यासच आहे. ज्याने विचारपूस केली, नियम समजून घेतले, स्वतःची आवड आणि कुवत तपासून पाहिली, त्याचे मन म्हणजे लहर नव्हे. तो विचारपूर्वक दिलेला कौल होय.

तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या विद्यार्थ्याने आज काय करावे? त्याने आपला व्यवसाय आजच ठरवावा, अशी अपेक्षा कोणीही करू नये. त्याने कोणताही विषय ‘आपला नव्हे’ म्हणून इतक्यात टाकून देऊ नये. जो अवघड वाटतो, त्याला आणखी थोडा वेळ द्यावा. न समजलेले विचारण्यास लाजू नये. आणि पुढील वाटांची माहिती आपण होऊन मिळवीत राहावे. विषय आवडत नाही आणि विषय अद्याप समजला नाही, या दोन गोष्टी फार भिन्न आहेत. त्यांतील भेद ज्याला ओळखता आला, त्याची निवड सहसा चुकत नाही.