#थ्रेड : चंद्रावरचे पहिले पाऊल आणि नसलेले ठिपके

नील आर्मस्ट्राँग शिडीवरून चंद्रभूमीवर उतरला, तेव्हा भारतात २१ जुलै १९६९ची सकाळ होती. साडेआठ वाजायला चार मिनिटे कमी होती. त्या क्षणाची चित्रफीत आज ‘फोर-के, ६० फ्रेम्स’ अशी बिरुदे मिरवत समाजमाध्यमांवर फिरते. तीत शिडीच्या कडा रेखीव दिसतात, हालचाल अखंड वाटते. खाली शेकडो प्रतिक्रिया असतात : ‘आता खरा चंद्र दिसला!’

हा रेखीवपणा चंद्रावरून आलेला नाही. तो गेल्या काही वर्षांत संगणकाने घडवलेला आहे.

मूळ चित्र कसे होते ते आधी पाहू. अंतराळवीरांचा आवाज, यानातील यंत्रांची मोजमापे आणि चलच्चित्र हे सारे एकाच रेडिओ-दुव्यातून पृथ्वीवर यायचे होते. चित्राच्या वाट्याला त्यात अगदी थोडी जागा आली. म्हणून चांद्रयानावरचा कॅमेरा सेकंदाला केवळ १० चित्रे पाठवी आणि प्रत्येक चित्र ३२० रेषांचे असे. अमेरिकेतील घरगुती टीव्हीला मात्र ५२५ रेषा आणि सेकंदाला ३० चित्रे लागत. या दोहोंत दुभाषा हवाच होता, आणि तो आजच्या डोळ्यांना विलक्षण ओबडधोबड वाटेल. आलेले चित्र एका पडद्यावर उमटवायचे आणि त्या पडद्यासमोर नेहमीचा टीव्ही कॅमेरा लावायचा! कमी पडणारी चित्रे भरून काढण्यासाठी तेच ते चित्र पुनःपुन्हा दाखवले जाई. या उलाढालीत उजेड-सावलीतील बारकावे बरेच गेले. पुढे लांबच्या प्रवासात आणखी गेले. ऑस्ट्रेलियातील हनीसकल क्रीक केंद्रात मूळ संकेताच्या पडद्यासमोर बसलेल्या तंत्रज्ञांना जगातील कोट्यवधी प्रेक्षकांपेक्षा अधिक स्वच्छ चित्र दिसत होते. त्या पडद्याची तेव्हा काढलेली छायाचित्रे आजही आहेत.

एक गोष्ट मात्र त्या ओबडधोबड यंत्राच्या बाजूने नोंदवली पाहिजे. त्याने चित्र मळवले, पुनरावृत्त केले; परंतु न घडलेली हालचाल रचली नाही.

मूळ संकेत रुंद चुंबकीय टेपांवरही साठवला गेला होता. त्या टेपा हाती असत्या, तर हा सारा वाद उद्भवलाच नसता. पण पुढच्या काळात नासाला टेपांची टंचाई भासली आणि जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. दीर्घ शोधानंतर २००९मध्ये नासाने त्या टेपाही बहुधा अशाच पुसल्या गेल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी लोरी डिजिटल या कंपनीने उरलेल्या प्रक्षेपण-प्रतींतील उत्तमोत्तम प्रती निवडून त्यांची डागडुजी सुरू केली. डाग काढणे, थरथर कमी करणे, उजेड समतोल करणे हे जीर्णोद्धाराचे काम होय. ते कशावरून केले, हेही जाहीर होते.

आजचे ‘एचडी रूपांतर’ निराळे आहे आणि त्यासाठी थोडे गणित करावे. भारतात दूरदर्शनने वापरलेल्या पद्धतीतील चित्र डिजिटल रूपात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपक्यांचे असते. पूर्ण एचडी चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांचे. बरोबर पाचपट. पाचांतील चार ठिपक्यांचे कोणतेही मोजमाप मुळात झालेलेच नाही. जुन्या पद्धतीत ते शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून भरले जात, त्यामुळे चित्र नुसतेच मोठे आणि मऊ होई. नव्या पद्धतीत, इतर असंख्य चित्रांवर शिकवलेले यंत्र ‘येथे बहुधा असे असेल’ असा तर्क करते आणि तो रेखीवपणे रंगवते. १० चित्रांची ६० केली, की दर सहा चित्रांतील पाच अशीच तर्काची असतात.

मोडी कागदाचे वाचन छापताना फाटलेल्या जागी टिंबे देतात आणि संपादकाने पुरवलेला शब्द कंसात घालतात. ही रीत न पाळणाऱ्या संपादकाच्या वाचनावर कोणी विसंबत नाही. एचडी चित्रफितीत कंस कुठे आहेत?

एचडी म्हणजे फसवणूकच, असा याचा अर्थ नव्हे. २०१९च्या ‘अपोलो ११’ या माहितीपटातील उड्डाणाची आणि जमलेल्या गर्दीची दृश्ये डोळे दिपवतात, कारण ती १९६९मध्येच मोठ्या आकाराच्या फिल्मवर टिपली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील ती रिळे नव्याने स्कॅन केली गेली. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेचेही तसेच. चित्रण ३५ मिमी फिल्मवर, संकलन मात्र व्हिडिओ टेपवर. म्हणून तिचे एचडी करताना मूळ निगेटिव्हपर्यंत मागे जाऊन भाग पुन्हा जुळवावे लागले. काम खर्चिक खरे, पण तपशील अस्सल. चांद्रभूमीवरच्या थेट प्रक्षेपणाला असे मागे जायला काही उरलेलेच नाही.

‘पण या चित्रफितींमुळेच तरुण मुले इतिहासाकडे वळतात’ असे म्हटले जाते. ते खरे आहे आणि त्याला हरकत असू नये. हरकत आहे ती मूळ प्रत मागे पडण्याला. शोधयंत्रात रेखीव आवृत्ती वर येते, धूसर प्रत तळाशी जाते. पुढची आवृत्ती त्या रेखीव आवृत्तीवरूनच तयार होते आणि तर्कावर तर्क चढतो. शिवाय जुनी ४:३ चौकट १६:९च्या पडद्यावर भरून बसवण्यासाठी चित्राचा वरखालचा मिळून चौथा भाग बहुधा कापला जातो. म्हणजे नसलेले आत आले आणि असलेले बाहेर गेले.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले. तेथील मुळातच टेपवर चित्रित झालेल्या कार्यक्रमांमागे कोणतेही निगेटिव्ह नाही. जे आहे ते टेपेवरच आहे. अशा कार्यक्रमाची ‘एचडी’ प्रत पुढे पाठवताना दोन ओळी जोडणे अवघड नाही : ही कोणत्या प्रतीवरून केली, आणि ती मूळ धूसर प्रत कोठे पाहता येईल.