कोयता एक, पाय चार

बाईची चाल नाजूक असते असे ज्याने कुणी लिहून ठेवले, त्याने उसाच्या फडात बाई चालताना पाहिलेली नसणार. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी या बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवरा ऊस तोडतो, बाई मोळ्या बांधते आणि वाहते, कित्येकजणी तोडतातही. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर तीस-चाळीस किलोची मोळी. पाचटातून, बुडखे चुकवत ती गाडीपाशी येते आणि तिरक्या फळीवरून वर चढते. दिवसातून किती वेळा, हे कुणी मोजत नाही. मोजतात ते टन.

बाई आणि पुरुष यांच्या चालण्यात फरक असतो का? असतो. आपल्यापैकी अनेकजणींना हे म्हणायला संकोच वाटतो, कारण शरीराचा फरक दाखवूनच आपल्याला आजवर घरात बसवले गेले. पण फरक म्हणजे कमीपणा नव्हे. बाई सरासरीने आखूड पावले टाकते, आणि मिनिटाला जास्त टाकते. 2001 साली वुंडरलिख आणि कॅव्हाना या अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले, की बाईचे पाऊल म्हणजे पुरुषाच्या पावलाची छोटी प्रत नव्हे. कमान, अंगठा, चवडा यांची ठेवणच निराळी. तरी बुटांचा साचा पुरुषाचा, तोच लहान करून आपल्याला. फडातल्या बाईला तोही कुठला! रबरी स्लिपर, नाहीतर नवऱ्याचे टाकलेले बूट.

बाळंतपणाने पाऊल बदलते. 2013 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले, की गरोदरपणात पायाची कमान खाली बसते, पाऊल लांबते आणि बाळंतपणानंतरही ते पूर्ववत होत नाही. पहिल्या खेपेला हा बदल सर्वाधिक. आता सोळा-सतराव्या वर्षी लग्न झालेली, पट्टा पडायच्या आत फडावरच बाळंत झालेली पोर डोळ्यांसमोर आणा. थोड्याच दिवसांत ती पुन्हा मोळीखाली असते.

यावर ठरलेले उत्तर येते: "बायांना सवय असते." ही सवयीची गोष्ट तपासू या. 1986 साली पूर्व आफ्रिकेतल्या बायकांवरचा एक अभ्यास गाजला. डोक्यावर ओझे नेणाऱ्या त्या बायका स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे ओझे जादा शक्ती न खर्चता नेत होत्या. कौतुकाचीच गोष्ट. पण पंचेचाळीस किलोच्या बाईचा पाचवा हिस्सा म्हणजे नऊ किलो, तोही सपाटीवर. मोळी त्याच्या तिप्पट-चौपट, आणि चढण फळीची. सवयीने ओझे हलके होत नाही.

मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल नवऱ्याच्या हातात. बाईच्या पायात बुडखा घुसला आणि ती कोपीत बसली, तर खाडा मात्र लागतो. म्हणजे काम न करण्याच्या दिवशी ती दिसते, कामाच्या दिवशी दिसत नाही!

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. डॉक्टरांवर बोट ठेवले गेले, ते योग्यच. पण जड ओझ्याने अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो, हेही तितक्याच जोराने बोलायला हवे होते. मोळी तशीच राहिली.

1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 34 ने बाई, पुरुष आणि मुले यांनी किती ओझे उचलावे हे वेगवेगळे ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला होता. म्हणजे फरक सरकारला तेव्हाच ठाऊक होता. फक्त तो कारखान्याच्या फाटकाशी थांबला. ऊस कारखान्याचा, गाळप कारखान्याचे, साखर कारखान्याची. मोळी वाहणारी बाई मात्र कुणाचीच नाही.

तेव्हा यंदा टोळ्या निघण्याआधी गावोगावच्या गटांनी करार मागून पाहावेत. प्रत्येक बाईचे नाव वेगळे, मजुरी तिच्या खात्यात. मोळीच्या वजनाला मर्यादा. गरोदर आणि ओल्या बाळंतिणीला वाहणी नाही, आणि त्याचा खाडा नाही. आणि बूट, तिच्या पायाचे माप घेऊन. साखर संघाला आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला हे लेखी पाठवा, पोच घ्या.