ऑफिसला परत: पंच करण्यासाठी की शिकण्यासाठी?

हिंजवडीच्या शिवाजी चौकात तासभर अडकायचं, ऑफिसात पोहोचायचं आणि हेडफोन लावून बंगळुरू-चेन्नईच्या सहकाऱ्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं. मग घरी काय वाईट होतं? पुण्यातल्या अनेक डेव्हलपर्सचा हा प्रश्न आहे.

कंपन्या काय करतायत?

टीसीएसने ऑक्टोबर 2023 पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला बोलावलं. 2024 मध्ये हजेरी थेट व्हेरिएबल पेशी जोडली: हजेरी 60 टक्क्यांच्या खाली गेली तर त्या तिमाहीत काहीच नाही, पूर्ण रक्कम हवी तर 85 टक्क्यांच्या वर. अ‍ॅमेझॉनने जानेवारी 2025 पासून पाच दिवसांचा नियम केला. इन्फोसिसने मार्च 2025 पासून ठराविक श्रेणीपर्यंतच्या कर्मचाऱ्यांना महिन्यातले 10 दिवस सक्तीचे केले.

अशा नियमांनी हजेरी भरते. पण यावंसं वाटतं का?

शेजारी बसल्याने काय मिळतं?

एमॅन्युएल, हॅरिंग्टन आणि पॅलेस या अर्थतज्ज्ञांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअर्सचा अभ्यास केला. अख्खी टीम एकाच इमारतीत असेल तर कोडवर जास्त सूचना मिळतात, असं त्यात दिसलं. सर्वाधिक फायदा नवख्यांना झाला. मात्र अनुभवी इंजिनिअर्सचं स्वतःचं काम कमी झालं, कारण त्यांचा वेळ शिकवण्यात गेला.

म्हणजे ऑफिसचा फायदा ज्युनियरला आणि किंमत मोजायची सीनियरने. दोघांनाही एकच नियम लावला की सीनियर कुरकुरणारच.

मग घरून काम केल्याने नुकसान होतं का?

स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनच्या ट्रिप डॉट कॉममध्ये 1,600 हून अधिक कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. 2024 मध्ये 'नेचर'मध्ये तो प्रसिद्ध झाला. दोन दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी आणि बढत्या घटल्या नाहीत. उलट नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी झालं.

याचा अर्थ काय?

कोरोनाकाळात अनेकांनी लातूर-जळगावच्या घरातून लॉगिन करून पहिली नोकरी सुरू केली. अडलं तर खुर्ची वळवून विचारावं, असं शेजारी कुणी नव्हतं. अशांना ऑफिस हवं असू शकतं, पण टीम तिथे असेल तरच. टीम चार शहरांत विखुरलेली असेल, तर कार्ड पंच केल्याने ती जवळ येत नाही.

म्हणून कंपनीने 'किती दिवस?' ठरवण्याआधी 'कुणासोबत?' हे ठरवायला हवं.

तुमच्या ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर कोण बसतं?