फुलाच्या उंचीला उतरा

सप्टेंबर लागला की साताऱ्याजवळच्या कास पठारावर तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवं फुलतात. कॅमेऱ्यांचीही गर्दी होते. पण बरेचसे फोटो उभ्याने, वरून काढलेले असतात. त्यांत दिसतो तो नुसता रंगाचा पट्टा. म्हणून हा अंक आम्ही एकेका फुलाला दिला आहे.

पहिला धडा फोकसचा. मॅक्रो लेन्सने फूल मूळ आकारात टिपताना एफ/८ ठेवूनही जेमतेम १ मिलिमीटर भाग रेखीव येतो. तो पुंकेसरांवर ठेवा, पाकळ्यांच्या कडा आपोआप मवाळ होतात. वारा असेल तर शटर १/५०० पर्यंत न्या. ढगाळ आभाळ सावल्या मऊ करतं. ऊन पडलंच, तर वर पांढरी छत्री धरा. मागचं गवत जितकं लांब, तितकी पार्श्वभूमी तलम.

एक आग्रह मात्र आहे. चांगल्या कोनासाठी पायवाट सोडू नका. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरलेल्या या पठारावर मातीचा थर पातळ आहे. तुडवलेलं रोप बी न धरताच मरतं, आणि पुढच्या वर्षीचं फूलही जातं. वाटेच्या कडेलाच गुडघे टेका, तिथेही भरपूर फुलं आहेत. तुमचे फोटो आम्हाला जरूर पाठवा.

— संपादक