वही बदलली तरी सचोटी तीच

मुनीम नेमताना वडीलधारे त्याचे अक्षर पाहत, पण त्याहून अधिक त्याची सचोटी पाहत. संगणकीय हिशेबप्रणाली निवडतानाही कसोटी तीच असावी.

एखाद्या कुटुंबाची शहापुरात पेढी व मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असेल आणि दोन्हीकडचा साठा व उधारी एकत्र दिसत नसेल, तर गोदामात पडून असलेलाच माल पुन्हा खरेदी होतो व भांडवल अडकते. म्हणून विक्रेत्याला बोलावण्याआधी आपल्या गरजांची यादी करावी. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायास योग्य प्रणाली मिळेना, तेव्हा पुत्र भरत यांनी ती रचली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या त्या उद्योगातून ‘टॅली’ घडली. गरज आधी, साधन नंतर.

कायदाही ध्यानी घ्यावा. नोंदणीकृत कंपनीच्या प्रणालीत १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराचा माग राहणे बंधनकारक आहे. तो बंद करता येत नाही. वार्षिक उलाढाल ५ कोटींहून अधिक असल्यास व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीसाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइसही आवश्यक आहे.

निर्णयापूर्वी आपल्याच एका महिन्याच्या नोंदी भरून पाहाव्यात. इंटरनेट खंडित झाल्यास बिल निघते का, हे तपासावे. प्रणाली सोडताना सर्व हिशेब परत मिळेल, हे लेखी घ्यावे. पेढीवरील वडिलांना व कारखाना सांभाळणाऱ्या मुलाला, दोघांनाही ती वाचता यावी.

वहीपूजनाला संगणक मांडला, तरी खरी नोंद हीच पेढीची पत होय.