साताऱ्यातील दरबार आणि फडातील ‘कोयता’

कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनच्या चाकरीचा त्याग करून संन्यास पत्करला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. दरबार म्हटला की मानमरातब आले, कोणी कोठे बसावे याचे दंडक आले. टिळकांच्या दरबारात मात्र बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. परदेशी मिशनऱ्याने साहेब म्हणून मिरवू नये आणि एतद्देशीय ख्रिस्ती माणसाने त्याच्यापुढे आश्रितासारखे उभे राहू नये, हा त्यांचा आग्रह होता. १९१९ च्या मे महिन्यात टिळक निवर्तले आणि हा प्रयोग अल्पजीवी ठरला.

तो अयशस्वी झाला असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यामागील विचार फार जुना आहे. सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली रचली, तीत माणसाच्या प्रतिष्ठेवर प्रवचन फारसे नाही. आहे ती दिनचर्या. गुलामगिरीतून आलेला आणि कुलीन घरातून आलेला यांत मठाधिपतीने भेद करावयाचा नाही. ज्येष्ठता एरवी मठप्रवेशाच्या क्रमाने. स्वयंपाकघराची पाळी आठवड्याआठवड्याने सर्वांवर, आणि पाळी संपविणाऱ्याने व नव्याने घेणाऱ्याने सर्वांचे पाय धुवावयाचे. दारी आलेल्या पाहुण्यांत गरिबाची बूज अधिक राखावी, कारण श्रीमंताचा मान त्याच्या दबदब्यानेच राखला जातो. एवढेच नव्हे, तर मठातील साधी भांडी आणि अवजारेही वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे हाताळावीत, असा दंडक आहे. समतेचा उच्चार सभेत होतो. तिची परीक्षा मात्र चुलीपाशी आणि पाण्याच्या हंड्यापाशी होते, हे या नियमकर्त्याने ओळखले होते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. पतीच्या धर्मांतरानंतरही सोवळेओवळे कसोशीने पाळणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचा विटाळ हळूहळू कसा गळून पडला, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. टिळकांचे चरित्रकार जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला. त्यात भारतीय आणि युरोपीय एकत्र राहत. आणि याच साताऱ्यात १९२४ पासून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीस बसू लागली. कर्मवीरांना त्यासाठी बेनेडिक्ट वाचावे लागले नाहीत. पत्नी लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र मात्र मोडावे लागले.

मग आज या दोन जिल्ह्यांत पंगतीबाहेर कोण आहे? दरवर्षी गळिताचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून, विशेषतः बीडकडून, ऊसतोड मजूर सातारा-सांगलीच्या फडांत उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत त्यांची सुटका नसते. त्यांची मोजदाद कशी होते? नवराबायको मिळून एक ‘कोयता’. दोन जिवंत माणसांना मिळून एका अवजाराचे नाव! त्यातही बाईच्या कामाची मजुरी या जोडीच्या हिशेबात विरून जाते आणि पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती पडतात. मठाच्या नियमाने अवजाराला माणसासारखी अदब दिली. येथील रूढ व्यवहाराने माणसाला अवजार केले. बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसेलही. किंबहुना सवयीने तोंडात बसलेला शब्द म्हणूनच तो कोणास खटकत नाही.

कारखान्यांच्या हिशेबवहीत बाईचे नाव वेगळे लिहावे आणि तिची मजुरी तिच्या हाती द्यावी, यास संतपदाची गरज नाही. कारकुनाच्या लेखणीने ते होऊ शकते. आणि कोप्यांवरची मुले हंगामापुरती फडाशेजारच्या शाळेत आली, तर त्यांची नावे पटावर कोठे घालावयाची आणि त्यांना कोणत्या बाकावर, कोणाशेजारी बसवावयाचे, हे कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता त्या वर्गाचे शिक्षक ठरवू शकतात.